लेकराचा कर्करोग आणि आई-बापाची काळजी

आपल्या धाराशिव जिल्ह्यात एखाद्या लेकराला कर्करोग निघाला की, अनेक कुटुंबे आधी बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल गाठतात आणि तिथून मुंबईचे टाटा हॉस्पिटल. वस्तीतली माणसे भेटायला येतात, लेकराच्या तोंडावरून हात फिरवतात. पण आई जेवली का, बाप झोपला का, हे विचारणारा विरळाच.

लहान मुलांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. ते पूर्ण केले तर बरीच मुले बरी होऊन शाळेत जातात. परंतु हातावर पोट असणाऱ्याने ही दोन वर्षे काढायची कशी? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातला एक दवाखान्यात अडकला की कोयता बंद आणि मुकादमाची उचल अंगावर. मग कर्ज होते, घरात भांडणे होतात, बाप दारूकडे वळतो, आई अबोल होते. शेवटी एके दिवशी उपचार अर्धवट टाकून कुटुंब गावाकडे परतते. लेकरू हातचे जाते ते इथे!

टाटा हॉस्पिटलमध्ये 2009 च्या सुमारास साधारण 20 टक्के मुलांचे उपचार असे नाकारले किंवा सोडले जात होते. पुढे तेथे औषधांबरोबरच राहणे, जेवण, पैसा, धीर आणि गैरहजर कुटुंबाचा पाठपुरावा यांची व्यवस्था झाली. काही वर्षांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आत आले. आई-बापाला सांभाळणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे यावरून पटावे.

केमोथेरपीत मुलाची प्रतिकारशक्ती घटते. आई-बापाचा साधा सर्दी-तापही त्याला महागात पडू शकतो. म्हणून वेळेवर जेवणे, आळीपाळीने झोपणे आणि रक्तदाब-साखरेची स्वतःची गोळी न चुकवणे यात स्वार्थ नाही. लेकराला ताप आला तर मात्र घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठावा.

दुसरे ओझे मनाचे. 'मागच्या जन्मीचे पाप', 'आईनेच हयगय केली' असे बोलणारी तोंडे आपल्यातही आहेत. कर्करोग पापाने होत नाही, शिवल्याने लागत नाही आणि मुलांच्या बहुतेक कर्करोगांत आई-बापाचा काहीही दोष नसतो. रडू आले तर रडावे, बापानेही. मन फारच खचले तर 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून कागदांविषयी सांगतो. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सगळे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा, झेरॉक्स वेगळ्या ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी दवाखान्यातील आरोग्यमित्राला भेटा. डॉक्टरांनी सवलतीचा फॉर्म भरून दिला तर रेल्वेच्या शयनयान वर्गात रुग्णाला भाडे पडत नाही आणि एका सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. मुंबईत फुटपाथवर राहण्याआधी दवाखान्याच्या समाजसेवा विभागात विचारा. सेंट ज्यूड ही संस्था 2006 पासून कर्करुग्ण मुलांच्या कुटुंबांना मोफत राहायला जागा देते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही रुग्णांसाठी आहे.

आता वस्तीने काय करावे? वर्गणी गोळा करावीच, पण ती एकदाच होते आणि उपचार दोन वर्षे चालतात. म्हणून पाळी लावावी. महिन्यातून चार दिवस मावशीने किंवा काकाने दवाखान्यात थांबावे, म्हणजे आईला आंघोळ आणि झोप मिळेल. मागे राहिलेल्या भावंडांचा डबा आणि शाळा शेजारच्या घराने पाहावी. बचत गटाने हप्त्याला सवड द्यावी. मुकादमाशी बोलायला बापाला एकटे न धाडता चार जाणत्यांनी सोबत जावे. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एवढेच विचारा : आपल्या वस्तीत असे घर कोणते, आणि या महिन्यात तिथे पाळी कोणाची?