शुभेच्छा मिळाल्या, बिलाचे काय?

क्रीडा, मनोरंजन आणि बांधकाम व्यवसायांना एका कापड व्यापाऱ्याच्या सणाच्या शुभेच्छा

ईद असो, दिवाळी असो की गुढीपाडवा, सण आठ दिवसांवर आला की स्वारगेटच्या आसपासचे चौक शुभेच्छांच्या फलकांनी भरून जातात. पूर्वी कार्डे यायची, दुकानाच्या नावाची कॅलेंडरे वाटली जायची. आता मोबाईलवर दिवसभर संदेश वाजत राहतात. शुभेच्छा देणाऱ्यांत तीन धंदेवाले नेहमी पुढे असतात. पहिले खेळाचे, दुसरे करमणुकीचे आणि तिसरे घरे बांधणारे. याचे कारण सरळ आहे. या तिघांचाही गल्ला सणासुदीलाच भरतो. सुट्टी असली तर सामन्याला गर्दी होते, सिनेमा सणाचा मुहूर्त धरून लागतो आणि फ्लॅटचे बुकिंग पाडव्याला किंवा दसऱ्याला होते.

स्वारगेटला हे तिन्ही धंदे हाकेच्या अंतरावर आहेत. नेहरू स्टेडियम इथेच आहे आणि त्याला लागून गणेश कला क्रीडा मंच आहे. २०१८ पासून सवाई गंधर्व महोत्सव जवळच मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर येऊ लागला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली आणि जागेच्या जाहिरातींत मेट्रोचे नाव आणखी मोठ्या अक्षरांत येऊ लागले.

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांचा या तिन्ही धंद्यांशी रोजचा संबंध आहे. खेळाडूंची जर्सी, मंडपाची कनात, नाटकाचा पोशाख, नमुना फ्लॅटचे पडदे आणि गाद्या ही सगळी कामे नाना पेठ, भवानी पेठ, कोंढवा अशा ठिकाणच्या छोट्या कारखान्यांतून जातात. म्हणून त्यांचा सण चांगला जावा असे आम्हाला मनापासून वाटते. त्यांचा सण गेला तर आमचाही जातो. पण शुभेच्छा देताना चार शब्द स्पष्ट बोलायला हवेत.

खेळवाल्यांना मुबारकबाद

नेहरू स्टेडियमने मोठे दिवस पाहिले आहेत. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात याच मैदानावर केनियाने वेस्ट इंडिजला ७३ धावांनी हरवले. केनियाच्या १६६ धावा झाल्या होत्या आणि वेस्ट इंडिजचा अख्खा संघ ९३ धावांत गारद झाला. ज्यांना कोणी मोजत नव्हते ते जिंकले. २०१२ पासून मोठे सामने गहुंज्याच्या नव्या स्टेडियमवर गेले, तरी ती आठवण स्वारगेटचीच आहे.

अलीकडची खुशखबर कबड्डीची. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे पहिले विजेतेपद मिळवले. कर्णधार होता अस्लम इनामदार, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला मुलगा. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता.

कापडवाल्याच्या नजरेने पाहिले तर खेळाने आमचा धंदा बदलून टाकला. क्रिकेटच्या विश्वचषकात १९९२ मध्ये रंगीत कपडे आले आणि पांढऱ्या सुताची जागा हळूहळू पॉलिस्टरच्या होजिअरीने घेतली. आज गल्लीतल्या संघालाही पाठीवर नाव आणि नंबर छापलेली जर्सी लागते. ऑर्डर शनिवारी मिळते आणि माल गुरुवारी हवा असतो. कारागीर रात्रभर ओव्हरलॉक मशीनवर बसून तो देतोही. मग स्पर्धा पार पडते, बक्षिसे वाटली जातात, फोटो छापून येतात आणि जर्सीचे पैसे प्रायोजकाकडून आले की देऊ असे उत्तर मिळते. खेळवाल्यांना आमची शुभेच्छा अशी की तुमचे संघ जिंकोत, पण ज्याने जर्सी शिवली त्याचा हिशेब चषक उचलण्याआधी होवो.

करमणूकवाल्यांना मुबारकबाद

या धंद्याने फार सोसले आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे चित्रपटगृहे बंद पडली. नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली आणि अखेर २२ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यात पडदा परत उजळला. पडद्याबरोबर मंडप, रोषणाई आणि पोशाख भाड्याने देणारेही त्या काळात घरी बसले होते. कित्येकांनी कनाती आणि सतरंज्या विकून दिवस काढले. म्हणून आज गर्दी परतली याचा आनंद खरा आहे.

एका गोष्टीची मात्र खंत आहे. पूर्वी नाटक-सिनेमाचे फलक मांजरपाटावर रंगवले जात. त्यात कापडवाल्याला, पेंटरला आणि शिलाईवाल्याला, तिघांना काम होते. फ्लेक्स आला आणि रंगाऱ्यांचा हात थांबला. फ्लेक्स स्वस्त पडतो हे आम्हीही व्यापारी म्हणून समजू शकतो. पण त्याच्यासाठी उभे केलेले लोखंडी सांगाडे माणसे मारू लागले. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ असा सांगाडा कोसळून चौघांचा बळी गेला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १७ जण गेले. शुभेच्छांचा फलक लावायचाच असेल तर तो लहान लावा, परवानगीने लावा. सभागृहाच्या दारावर तरी कापडी फलक लावा. एखाद्या पेंटरच्या घरी त्या निमित्ताने सण होईल.

घरे बांधणाऱ्यांना मुबारकबाद

पेठांतल्या दोन खोल्या सोडून आपली कित्येक कुटुंबे कोंढव्याकडे गेली. स्वतःच्या घराची किल्ली हातात पडणे ही मोठी बरकत आहे. बिल्डर बांधवांचे त्याबद्दल आभार मानायला हवेत. पण सणाच्या सवलतीला भुलून टोकन देणाऱ्या आपल्या वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महारेरा १ मे २०१७ पासून लागू आहे. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पात, रीतसर नोंदवलेला करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात मूळचा दोष निघाला तर तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. शुभेच्छांच्या जाहिरातीत महारेराचा नंबर नसेल तर आधी तो विचारा, बाकीची बोलणी नंतर करा.

मालाच्या पैशांची गोष्ट निराळीच आहे. एका प्रकल्पाच्या नमुना फ्लॅटला मी पडद्यांचे कापड दिले होते. दिवाळीत त्या कार्यालयाकडून सुकामेव्याचा सुंदर डबा आणि सोनेरी अक्षरांचे कार्ड आले. बिल मात्र पुढच्या ईदपर्यंत निघाले नाही. मी दुकानदार, कसेबसे निभावले. ज्या मास्टरने ते पडदे शिवले त्याला थांबवणे मला शक्य नव्हते, कारण त्याच्या मुलांची ईद माझ्या वसुलीसाठी थांबणार नव्हती.

कारागिराच्या हातातला कायदा

बांधवांनो, नुसती तक्रार करून पैसे येत नाहीत. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा कारागिराच्या बाजूने आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असलेल्याने माल किंवा सेवा दिली आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली. मुदत टाळून थकवलेले असे बिल ३१ मार्चपर्यंत दिले नाही, तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही आणि त्यावर कर भरावा लागतो. म्हणजे वेळेवर पैसे देण्यात आता त्याचाही फायदा आहे.

यासाठी करायचे काय? उद्यम नोंदणी आधार कार्डावर, मोफत होते. एजंटाला पैसे देऊ नका. माल पोहोचवताना चलनावर तारीख आणि सही घ्या, कारण दिवस तिथपासून मोजले जातात. बिलावर उद्यम क्रमांक छापा. तरीही पैसे आले नाहीत तर सरकारच्या पोर्टलवर अर्ज करता येतो.

एक गोष्ट आपल्या व्यापाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. माझ्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. थकबाकीचे हे संरक्षण उत्पादन करणाऱ्या आणि सेवा देणाऱ्यांनाच आहे. व्यापाऱ्याला आजही जबान आणि पतीवरच चालावे लागते. आणि आपण ज्याच्याकडून शिवून घेतो त्या कारागिराच्या बाबतीत आपणच देणेकरी आहोत, तेव्हा १५ आणि ४५ दिवसांचा हिशेब आपल्यालाही लागू आहे.

२०२५ मध्ये एक योग आला होता. ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ मार्चला ईद, म्हणजे नेमका हिशेबाच्या वर्षाचा शेवटचा दिवस. ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते, म्हणून असा योग रोज येत नाही. पण तोच दस्तूर आपण कायमचा करू शकतो. सणाच्या आदल्या आठवड्यात वही उघडावी, ज्याचे देणे आहे त्याचे आधी द्यावे आणि मग शुभेच्छांचा संदेश पाठवावा.

खेळाडूंना यश मिळो, पडद्यापुढच्या खुर्च्या भरलेल्या राहोत, नव्या घरांत दिवे लागोत आणि हे सगळे ज्यांच्या सुईदोऱ्यावर उभे आहे त्यांच्या घरी सणाचे कपडे वेळेवर पोहोचोत. तिन्ही व्यवसायांना आमच्या सणाच्या हार्दिक शुभेच्छा.