संगणकाच्या स्थैर्याचे अर्थशास्त्र

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या कार्यप्रणालीची नेहमीची विनामूल्य देखभाल थांबविली. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, म्हणून या घटनेची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. परंतु 'विंडोज ११' साठी जी यंत्रसामग्री आवश्यक ठरविण्यात आली आहे, ती साधारणतः २०१७ पूर्वीच्या बहुतेक संगणकांत नाही. नाशिक रोडसारख्या उपनगरातील महाविद्यालये, पतसंस्था आणि शाळांची कार्यालये यांत असे संगणक किती असतील, याचा अंदाज वाचकांनी आपल्याच टेबलाकडे पाहून करावा. घसारा शिकविताना आम्ही यंत्राची झीज गृहीत धरतो. येथे यंत्र धडधाकट असतानाच त्याचे आयुष्य संपते, आणि तो दिवस मालक ठरवीत नाही.

या कोंडीतून निघण्याचा एक मार्ग तीन दशकांहून अधिक काळ उपलब्ध आहे. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेली 'डेबियन' ही लिनक्सवर आधारलेली मुक्त कार्यप्रणाली जगभरचे स्वयंसेवक मिळून तयार करतात. ती कोणीही घ्यावी, तपासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा आहे. मात्र तिचे खरे आकर्षण तिच्या शून्य किमतीत नाही. (फुकट मिळणाऱ्या वस्तूविषयी आपल्या कार्यालयांत जो संशय असतो, तो सर्वस्वी निराधार असतो असेही नाही.) ते तिच्या स्थैर्यात आहे, आणि हे स्थैर्य कसे निर्माण होते हे समजून घेण्याजोगे आहे.

नवे काम प्रथम 'अनस्टेबल' नावाच्या विभागात येते. तेथे काही दिवसांत गंभीर दोष न आढळल्यास ते 'टेस्टिंग'मध्ये जाते. साधारण दोन वर्षांनी तेथेही नव्या गोष्टींना दार बंद होते. कित्येक महिने केवळ दोष काढण्याचे काम चालते आणि मगच 'स्टेबल' आवृत्ती प्रसिद्ध होते. पुढे तिच्यात सहसा नवी सोय घातली जात नाही. सुरक्षिततेचा दोष सापडला, तर बहुधा तेवढीच दुरुस्ती जुन्या रचनेत बसविली जाते. शिक्षकांच्या भाषेत सांगायचे तर, पुस्तक बदलत नाही, फक्त शुद्धिपत्र येते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीस अशी देखभाल तीन वर्षे पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षे मर्यादित स्वरूपात मिळावयाची आहे.

कार्यालयीन हिशेबात संगणकाची किंमत म्हणजे खरेदीचे देयक. परंतु ऐन प्रवेशाच्या दिवसांत यंत्र स्वतःला अद्ययावत करीत बसले आणि खिडकीबाहेरची रांग ताटकळली, किंवा नेहमीचे बटण जागा सोडून गेले आणि ते शोधण्यात लिपिकाची सकाळ गेली, तर तो खर्च कोणत्याच शीर्षाखाली पडत नाही. तो लिपिकाच्या आणि विद्यार्थ्याच्या वेळेतून मुकाट्याने वसूल होतो. नाशिक रोडला हे अधिक सांगावयास नको. १९२८ पासून येथे छापल्या जाणाऱ्या नोटेचे मोल, ती उद्याही आजच्यासारखीच चालेल या भरवशातच असते. तो भरवसा एका रात्रीत ढळला की काय होते, हे नोव्हेंबर २०१६ मध्ये बँकांसमोर उभे राहिलेल्यांनी पाहिले आहे.

शासनाला हे ठाऊक नाही असे नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक'ने भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियनच्याच पायावर उभारली. २०१५ साली केंद्र सरकारने मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. केरळातील सरकारी शाळांत तर एक संपूर्ण पिढी मुक्त प्रणालीवर संगणक शिकली. मुंबईच्या आय. आय. टी.ने त्यासाठीचे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत.

तरीही आपल्याकडे हे वळण पडले नाही, आणि त्याचा सारा दोष सवयीवर टाकणे अन्यायाचे होईल. हिशेबासाठी सर्वत्र रूढ असलेली 'टॅली' विंडोजसाठीच बनविलेली आहे. वर्षानुवर्षांची मराठी परिपत्रके जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत अडकली आहेत; ती रूपांतरित केल्याशिवाय नव्या प्रणालीवर धड वाचता येणार नाहीत. काही छपाईयंत्रे जुमानत नाहीत. शिवाय स्थैर्य म्हणजे थोडे जुनेपण आलेच. एखाद्या साधनाची अगदी ताजी आवृत्ती हवी असणाऱ्या विद्यार्थ्याला ती येथे सहजासहजी मिळणार नाही, आणि ३२ बिटी जुनाट यंत्रांवर तर तेरावी आवृत्ती नव्याने बसविण्याची सोयच उरलेली नाही.

म्हणून लेखापालाच्या टेबलाला तूर्त हात लावू नये. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि पत्रव्यवहाराचे संगणक यांची गोष्ट निराळी आहे. तेथे लागते ते सारे डेबियनमध्ये आहे. पुढील वर्षाच्या खरेदीचे मागणीपत्र प्राचार्यांच्या सहीला जाण्यापूर्वी, बाद ठरलेल्या संचांपैकी दोनांवर ती बसवावी आणि एक सत्र विद्यार्थ्यांच्या व लिपिकांच्या हाती द्यावी. त्या सत्रात संगणकाच्या तक्रारीपायी किती तास गेले, याची नोंद मात्र एका साध्या वहीत दररोज व्हावी, आणि शेजारच्या विंडोजच्या दोन संचांचीही त्याच वहीत.