विश्लेषण : साध्या मजकुरातील नोंदी अडल्या, तर मदत कशी मागायची?

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत पाळी बदलताना मागच्या पाळीत काय झाले, हे लॉगबुकमध्ये लिहिले जाते. पण प्रत्येक तंत्रज्ञाची, पर्यवेक्षकाची आणि ठेकेदाराची स्वतःची अशीही एक नोंदवही असते. कोणत्या पंपाचे सील केव्हा बदलले, कोणाला काय सांगायचे राहिले, मुलांच्या फीची तारीख कोणती. ही वही आता बहुतेकांच्या फोनमध्ये आहे. अ‍ॅप बंद पडले किंवा फोन बिघडला, की ती एका क्षणात जाते. त्यावर ‘साध्या मजकुरातील नोंदी’ हा उपाय अनेक जण सुचवतात. ‘ऑर्ग-मोड’ हे त्यातील सर्वात मुरलेले साधन. ते मोफत आहे, पण त्याला ग्राहक सेवा केंद्र नाही. मग अडले तर विचारायचे कोणाला आणि कसे?

साधा मजकूर म्हणजे काय?

ज्या फाइलमध्ये फक्त अक्षरे, अंक आणि चिन्हे असतात, ती साध्या मजकुराची फाइल. ती उघडायला विशिष्ट कंपनीचे अ‍ॅप लागत नाही. आज फोनवर लिहिलेली नोंद उद्या संगणकावर आणि दहा वर्षांनी तिसऱ्याच यंत्रावर वाचता येते. आकारही किरकोळ असतो. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे दहा हजार चिन्हांची नोंद साधारण ३० केबीत मावते. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एखादा फोटोही यापेक्षा मोठा असतो.

याचे महत्त्व कधी कळते? डिसेंबर २०२३ मध्ये ‘एव्हरनोट’ने मोफत वापरणाऱ्यांवर ५० नोंदी आणि एकच वही अशी मर्यादा घातली. जुन्या नोंदी वाचता येत होत्या, बाहेरही काढता येत होत्या. पण मर्यादेपलीकडे नवीन भर घालायची तर पैसे मोजणे आले. नोंदी आपल्या असल्या तरी कपाट दुसऱ्याचे होते. कागदी वहीचाही भरवसा नाही. २२ जुलै २०२१ रोजी परशुराम घाटाखालच्या चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा दुकानांतील चोपड्या आणि घराघरांतील कागदपत्रे चिखलात गेली. साध्या मजकुराच्या फाइलच्या चार प्रती चार ठिकाणी ठेवणे मात्र काही मिनिटांचे काम आहे.

ऑर्ग-मोड काय करते?

अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये स्वतःच्या कामाची मांडणी करण्यासाठी हे साधन लिहायला घेतले. ‘ईमॅक्स’ या जुन्या आणि मुक्त संपादकाचा ते भाग आहे. ओळीच्या सुरुवातीला एक तारांकन आणि त्यानंतर मोकळी जागा दिली, की ती ओळ मथळा होते. दोन तारांकने दिली, की उपमथळा. मथळ्याला ‘करायचे’ किंवा ‘झाले’ अशी अवस्था देता येते, तारीख जोडता येते. मग वेगवेगळ्या फाइलींत विखुरलेली आजची कामे ‘अजेंडा’ या एकाच यादीत दिसतात.

महाराष्ट्रातही या साधनावर काम झाले आहे. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांच्या प्रयोगशाळेने ऑर्ग-मोडच्या आधारावर ‘नॉसिस-मोड’ ही जोडणी तयार केली होती. साध्या मजकुरात लिहिलेल्या संकल्पना एकमेकींशी जोडून ज्ञानाचे जाळे विणण्याचा तो प्रयत्न होता.

फोनवर वापरता येते का?

येते. अँड्रॉइडवर ‘ऑर्गझी रिव्हाइव्ह्ड’ हे मोफत अ‍ॅप याच पद्धतीच्या फाइली वाचते आणि लिहिते. आयफोनवर ‘बीऑर्ग’ आहे. २०२५ मध्ये आलेल्या ३०व्या आवृत्तीपासून ईमॅक्स स्वतःही अँड्रॉइडवर चालते. पण त्याची सारी रचना कळफलकासाठी असल्याने छोट्या पडद्यावर ते नवख्याला जड जाते. ज्यांना ऑर्गची एवढी ताकद नको, त्यांच्यासाठी ‘मार्कडाउन’ ही २००४ मधील सोपी लेखनपद्धत आहे. ‘ऑब्सिडियन’, ‘जॉप्लिन’ यांसारखी अ‍ॅप ती वापरतात. अडचण सोडवण्याची पुढे दिलेली रीत या सगळ्यांना लागू पडते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट हवी. ज्वलनशील द्रावके हाताळली जातात त्या भागात फोन नेण्यास मनाई असते. शिवाय फोनमधील खासगी नोंद ही कारखान्याच्या अधिकृत लॉगबुकला पर्याय नाही. ही वही पाळी संपल्यानंतरची, स्वतःसाठीची.

मराठीत लिहिताना नेमके कुठे अडते?

नवीन वापरकर्त्यांच्या अनेक अडचणींचे मूळ अ‍ॅपमधील दोषात नसते, लिहिण्याच्या बारकाव्यांत असते. मराठीत त्यातील चार प्रामुख्याने आढळतात.

पहिली, तारखेचे अंक. ऑर्ग तारीख ओळखते ती फक्त इंग्रजी अंकांत लिहिलेली. मराठी कळफलकावरून देवनागरी अंक टाइप झाले, तर माणसाला ती तारीख वाचता येते, पण साधनाच्या दृष्टीने तो नुसता मजकूर असतो. काम अजेंड्यात दिसत नाही आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही.

दुसरी, कामाच्या अवस्था. ‘करायचे’ आणि ‘झाले’ हे मराठी शब्द वापरता येतात. पण ते साधनाला आधी सांगावे लागतात. संगणकावर सांगितले आणि फोनवरच्या ऑर्गझीच्या सेटिंगमध्ये नोंदवले नाहीत, तर तीच ओळ एकीकडे काम आणि दुसरीकडे साधा मथळा म्हणून दिसते.

तिसरी, जुने फॉन्ट. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीत टाइप केलेला मजकूर चिकटवला, की निरर्थक इंग्रजी चिन्हे उमटतात. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

चौथी, तक्ते. देवनागरीत काना, मात्रा आणि जोडाक्षरे यांमुळे शब्दाची दिसणारी रुंदी आणि संगणकाने मोजलेली रुंदी जुळत नाही. त्यामुळे तक्त्याच्या उभ्या रेषा वाकड्या दिसतात. माहिती शाबूत असते. बिघाड फक्त दिसण्यात असतो.

याखेरीज सर्वांनाच भेडसावणारी अडचण म्हणजे जुळणी. घाटात किंवा गावाकडे नेटवर्क नसताना फोनवर नोंद बदलली, तीच फाइल संगणकावरही बदलली आणि मग दोन्ही जोडले गेले, तर कोणती प्रत खरी हे साधनाला ठरवता येत नाही. ‘सिंकथिंग’सारखे साधन अशा वेळी दुसरी प्रत वेगळ्या नावाने ठेवते. ती कचरा समजून पुसू नये. दोन्ही प्रती उघडून पाहाव्यात आणि मगच एक ठेवावी.

विचारण्यापूर्वी काय तपासावे?

सर्वात आधी फाइलची प्रत काढून बाजूला ठेवावी. दुरुस्तीच्या खटपटीत मूळ नोंद जाण्याचा धोका मूळ अडचणीपेक्षा मोठा असतो.

त्यानंतर साधनाच्या पोटातली मदत पाहावी. ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबून मग ‘के’ दाबले आणि कोणतेही बटण दाबले, तर ते बटण काय करते याचे वर्णन समोर येते. ‘के’ऐवजी ‘आय’ दाबले, की संपूर्ण मार्गदर्शिका उघडते. तिला इंटरनेट लागत नाही. नेटवर्क गेलेले असतानाही ती हाताशी असते. ‘ऑर्ग-लिंट’ ही आज्ञा फाइलमधील संशयास्पद जागा शोधून त्यांची यादी देते.

मग अडचण लहान करावी. दोन हजार ओळींच्या फाइलमध्ये चूक शोधण्याऐवजी नवी कोरी फाइल घ्यावी, तीत दोन-तीन ओळी लिहाव्यात आणि तेच घडते का ते पाहावे. घडत नसेल, तर दोष आपल्या मोठ्या फाइलमध्ये आहे. घडत असेल, तर दुसऱ्याला दाखवण्याजोगे उदाहरण हाती आले. संगणकावर ईमॅक्स स्वतःच्या सेटिंगशिवाय, कोऱ्या अवस्थेत सुरू करण्याचीही सोय आहे. तिथे अडचण नाहीशी झाली, तर दोष आपण केलेल्या बदलांत आहे हे कळते. पंप बंद पडला, की फिटर आधी वीज, मग व्हॉल्व्ह, मग मोटर असा क्रमाने शोध घेतो. ही रीत तीच आहे.

प्रश्न कसा लिहावा?

‘माझे ऑर्ग चालत नाही, लवकर सांगा’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण देता येत नाही. उत्तर देणाऱ्याला आपला फोन दिसत नसतो. चांगल्या प्रश्नात पाच गोष्टी असतात : फोन किंवा संगणक कोणता आणि अ‍ॅपची आवृत्ती कोणती, आपण क्रमाने काय केले, काय घडायला हवे होते, प्रत्यक्षात काय घडले, आणि आतापर्यंत काय करून पाहिले. उदाहरणार्थ :

‘अँड्रॉइड फोनवर ऑर्गझी वापरतो, आवृत्ती सोबत दिली आहे. नव्या वहीत खालील दोन ओळी लिहिल्या.

* करायचे पंप २ चे सील तपासणे
<२०२५-०७-२२>

हे काम २२ जुलैच्या यादीत दिसायला हवे होते. दिसत नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. अ‍ॅप बंद करून पुन्हा सुरू केले, तरी तेच.’

जाणकाराची नजर थेट देवनागरी अंकांवर जाईल आणि पुढचा प्रश्न ‘करायचे’ हा शब्द सेटिंगमध्ये नोंदवला आहे का, हा असेल. पहिल्याच खेपेत दोन कारणे हाती लागतात. मजकूर नेहमी अक्षरांतच पाठवावा, पडद्याचा फोटो काढून नव्हे. फोटोतील ओळ दुसऱ्याला स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहता येत नाही. अपवाद एकच : अडचण दिसण्याची असेल, उदाहरणार्थ वाकडा तक्ता, तर फोटो जोडावा.

काय पाठवू नये?

खरी फाइल जशीच्या तशी कधीही पाठवू नये. तिच्यात पासवर्ड, सहकाऱ्यांची नावे, फोन क्रमांक, बॅचचे तपशील असू शकतात. रासायनिक कारखान्यातील प्रक्रियेची माहिती गोपनीय असते. नोंदवहीच्या तक्रारीत ती बाहेर गेली, तर नोकरीवर बेतू शकते. कोऱ्या फाइलमधील दोन ओळींचे उदाहरण इथेही कामी येते, कारण त्यात ‘पंप २’ असतो, खरा पंप नसतो.

एआय चॅटबॉटला विचारले तर?

सोप्या प्रश्नांना उत्तरे झटपट आणि मराठीतही मिळतात. पण अस्तित्वात नसलेली आज्ञा किंवा सेटिंग ठामपणे सांगण्याची खोड चॅटबॉटला असते. त्यामुळे सांगितलेली आज्ञा ईमॅक्समध्ये खरोखर आहे का, हे कंट्रोल-एच आणि मग ‘एफ’ दाबून तपासावे. नाव सापडले नाही, तर सल्ला बाजूला ठेवावा. फाइल पुसणारी किंवा एकदम अनेक ठिकाणी बदल करणारी आज्ञा प्रत काढल्याशिवाय चालवू नये. गोपनीयतेचा नियम इथेही तोच.

उत्तर देणारे कोण असतात?

ऑर्ग-मोड आणि ऑर्गझी यांचे काम प्रामुख्याने स्वयंसेवक पाहतात. नोकरी-व्यवसाय सांभाळून, उरलेल्या वेळात. त्यामुळे उत्तर यायला एक दिवस लागेल किंवा आठवडाही. दरम्यान तोच प्रश्न पाच ठिकाणी विचारला, तर पाच जणांचा वेळ जातो. प्रश्न सोपा इंग्रजीत लिहिला तरी चालतो. व्याकरणापेक्षा पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा. दोष साधनाचाच आहे अशी खात्री झाली, तर ऑर्गमध्ये त्याची खबर देणारी आज्ञा आहे. ती आवृत्ती आणि सेटिंगचे तपशील भरून पत्राचा मसुदा तयार करते. पाठवण्यापूर्वी तो वाचून खासगी मजकूर काढावा.

उत्तर लागू पडले, तर तसे कळवावे. नाही पडले, तरी कळवावे. पुढे तोच प्रश्न पडणाऱ्याला त्यावरून कळते, की कोणता उपाय खरा ठरला.

हे साधन प्रत्येकासाठी आहे का?

नाही. फक्त किराण्याची यादी आणि दोन आठवणी ठेवायच्या असतील, तर फोनमधील साधे नोट्सचे अ‍ॅप पुरेसे आहे. ऑर्ग शिकायला सुरुवातीचे काही आठवडे चिकाटी लागते. पण ज्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे वाढत जाणार आहेत, म्हणजे देखभाल विभागातील तंत्रज्ञ, ठेकेदार, संशोधन करणारे विद्यार्थी, बागायतदार, त्यांच्यासाठी ही मेहनत वाया जात नाही.

सुरुवात एकाच फाइलने करावी. तीत तीन मथळे पुरेत : कामे, माणसे आणि ‘अडलेले’. या तिसऱ्या मथळ्याखाली प्रत्येक अडचण आणि तिचे सापडलेले उत्तर तारखेसह लिहावे. वर्षभरात ती आपल्या भाषेतील, आपल्याच चुकांवर बेतलेली मार्गदर्शिका होते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने हाच प्रश्न विचारला, तर त्याला पाठवायला उत्तर तयार असते.