आकड्यांचा पत्ता हरवू नये म्हणून

२ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील टांगलेली चुंबके जागची विलक्षण ढळली. आदल्या दिवशी सूर्यावर झालेल्या उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले होते. निरीक्षक डोळ्यांनी वाचने घेऊन कागदावर टिपत होते. त्यांच्या नोंदींत चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला दिसतो. २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, त्सुरुतानी, लाखिना आदी शास्त्रज्ञांनी याच नोंदींवरून त्या वादळाची तीव्रता ठरवली.

मधल्या काळात वेधशाळाच हलली होती बरे! विजेच्या ट्रामगाड्यांमुळे वाचने बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागला निरीक्षणे सुरू झाली, आणि १९०६ पर्यंत ती दोन्हीकडे एकाच वेळी घेतली गेली. त्यामुळे कुलाब्याच्या नोंदींना अलिबागच्या नोंदी नीट जोडता येतात.

आज अशी आकडेवारी संगणकात साठते. समजा, एखाद्या शास्त्रज्ञाने शोधनिबंधात तिच्या संकेतस्थळाचा पत्ता दिला आणि पाच वर्षांनी संस्थेने संकेतस्थळच बदलले. आकडे कुठेतरी असतात, पण वाचकाला सापडत नाहीत. मग निष्कर्ष पडताळायचा कसा?

तुम्ही साखर पेठेतून जुळे सोलापूरला राहायला गेलात, तर जुन्या पत्त्यावरचे पत्र चुकेल; आधार क्रमांक मात्र तोच राहतो. नोंदीतला पत्ता तेवढा बदलून घ्यायचा. २००० सालापासून शोधनिबंधांना असाच 'डीओआय' नावाचा क्रमांक देतात. आकडेवारीला तो देण्यासाठी २००९ मध्ये 'डेटासाइट' ही संस्था स्थापन झाली. निबंधात जागा सांगायची नाही, क्रमांक सांगायचा; जागा मध्यवर्ती नोंदवही दाखवते. पण मेख इथेच आहे. आकडेवारी हलवल्यावर नोंदवहीतला पत्ता कोणी बदललाच नाही, तर क्रमांक असून नसल्यासारखा. संस्था यंत्रांसाठी पैसा काढतात, या कंटाळवाण्या कामासाठी माणूस नेमायला कचरतात, असे मला वाटते.

पत्ता सापडला तरी आकडे तेच आहेत ना? चुंबकीय निरीक्षणे आधी तात्पुरती आणि तपासणीनंतर अंतिम म्हणून प्रसिद्ध होतात. म्हणून कोणती आवृत्ती वापरली हे सांगावे लागते, आणि फाइलचा 'ठसा'ही घेता येतो. शा-२५६ ही गणिती रीत कोणत्याही फाइलपासून ६४ चिन्हांची ओळ तयार करते.

शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने करून पाहा. मे महिन्याची तापमाने एका फाइलमध्ये लिहून ठसा काढा. मग एका दिवसाच्या ४३.२ ऐवजी ४३.३ लिहा आणि पुन्हा काढा. दोन्ही ओळी शेजारी ठेवून किती चिन्हे जुळतात ते मोजा.