एका टर्नमध्ये एकदा

डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये ‘रोग’ या क्लासची सगळी भिस्त स्नीक अटॅकवर असते. ५ व्या लेव्हलला फायटर एका टर्नमध्ये दोन वार करू लागतो. रोग मात्र साधारणपणे एकावरच असतो. त्या एका वारावर तीन जादा फासे टाकून तो हिशेब भरून काढतो. हे फासे कधी टाकायचे, यावर २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात जेमतेम दोन लहान परिच्छेद आहेत. डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा डीएम म्हणून माझा बराच वेळ राक्षस रंगवण्यापेक्षा असल्या परिच्छेदांचा कीस काढण्यात जातो.

परवा एक ओगर दाराकडे पळत होता. रोगचा स्वतःच्या टर्नमध्ये त्याला स्नीक अटॅक मारून झाला होता. आता ओगर टप्प्याबाहेर जाऊ लागला, म्हणून रिॲक्शन, म्हणजे प्रत्युत्तराची कृती, खर्चून रोगला आणखी एक वार मिळाला. वीस बाजूंचा फासा पडला, वार लागला, आणि पोराने पुन्हा तीन फासे मुठीत घेतले.

“ए, आत्ताच मारलास ना?” फायटर खेळणारा उसळला. “सहा सेकंदांत दोनदा पाठीत खुपसणार?”

“टर्नमध्ये एकदा असं लिहिलंय. राउंडमध्ये एकदा कुठे लिहिलंय? हा ओगरचा टर्न चाललाय.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. असा निकाल मी मिनिटाभरात देतो. लढाई थांबली की खेळाची रया जाते. एकच पाहिलं : लढाईच्या प्रकरणात टर्न आणि राउंड वेगळे सांगितलेत का? सांगितलेत. राउंड साधारण सहा सेकंदांचा, आणि त्यात लढणाऱ्या प्रत्येकाचा एकेक टर्न. म्हणजे टर्न बदलला की मोजणीही नव्याने सुरू. “टाक फासे,” मी म्हणालो. पळता पळता ओगर आडवा झाला.

फायटरवाल्याचं चित्र मला कळत होतं. हा खेळ १९७४ चा, आणि चोराचा क्लास त्यात १९७५ साली आला. त्या चोराला शत्रूच्या मागे जावं लागे. तिथून साधलेल्या वाराचं नुकसान पटीत वाढे. २०१४ च्या नियमाला शत्रूची पाठ लागत नाही, लपावंही लागत नाही. हल्ल्यावर ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) हवा, किंवा लक्ष्याचा दुसरा कोणी शत्रू त्याच्यापासून पाच फुटांत उभा हवा. पण ‘स्नीक’ ऐकलं की डोळ्यांसमोर अंधार नि खंजीर येतो, आणि मग त्या चित्रातून नियम काढले जातात. टेबलावरची निम्मी भांडणं इथेच उगवतात, असं माझं मत आहे. नियमाने चित्र दिलंय ते सजावटीला. निकाल वाक्यावर द्यायचा.

घरी आल्यावर निवांत तपासलं, तर लिहिणाऱ्यांचा इरादाही दिसला. २०२२ साली नव्या आवृत्तीचा चाचणी-मसुदा खेळाडूंपुढे आला, तेव्हा त्यात स्नीक अटॅक स्वतःच्या टर्नपुरताच ठेवला होता. २०२४ च्या छापील पुस्तकात ती अट नाही. पुन्हा टर्नमध्ये एकदाच. याच पुस्तकात पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट मात्र बोनस ॲक्शनला बांधून टाकला, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये तो वापरण्याची सोय गेली. दार कुठे लावायचं हे लेखकांना नीट ठाऊक होतं. रोगचं दार त्यांनी एकदा लावून पाहिलं आणि परत उघडलं. शिवाय राउंडमध्ये रिॲक्शन एकच मिळते, त्यामुळे ही चैन दोन स्नीक अटॅकपलीकडे जात नाही.

गंमत म्हणजे हे फायटरवाल्याच्याच पथ्यावर पडलं. त्याचा फायटर बॅटल मास्टर आहे. स्वतःचा एक वार सोडून तो सोबत्याला रिॲक्शनने वार करायला लावू शकतो. पुढच्याच लढाईत त्याने रोगला हुकूम सोडला, आणि स्नीक अटॅक पडला तो फायटरच्या टर्नमध्ये. तक्रार अर्थातच मिटली होती.

‘दुसरा शत्रू’ हे प्रकरण जास्त अवघड. २०१४ च्या मजकुरात रोगचा मित्र नव्हे, लक्ष्याचा शत्रू म्हटलंय. म्हणजे दोन टोळ्या आपसांत भिडल्या असतील तर त्यांचं वैरही रोगच्या कामी येतं. २०२४ मध्ये तिथे सोबती आला आणि ही मजेची वाट बंद झाली. आम्ही अजून जुनंच पुस्तक चालवतो. कॅरममध्ये राणी कव्हर करण्याचा नियम घरागणिक बदलतो, तसं आमचंही घर ठरलेलं आहे. विझार्डचं घुबड आम्ही शत्रू धरतो, बांधून टाकलेला लांडगा धरत नाही.

मग विझार्ड अदृश्य होऊन गॉब्लिनला खेटून उभा राहिला. गॉब्लिनला तो तिथे असल्याचा पत्ता नाही. लक्ष विचलित करणारा कोणी असावा, असं त्या नियमामागचं चित्र असेल, तर इथे कोणाचंच लक्ष विचलित झालेलं नाही. पण वाक्यात शत्रू जवळ असण्याची अट आहे, तो दिसण्याची नाही. मी होकार दिला.

“आणि तुझ्या स्पायला?” रोगवाल्याने लगेच विचारलं. जुन्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या स्पायलाही दोन फाशांचा स्नीक अटॅक असतो, हे त्याला पाठ होतं.

“त्यालाही हेच,” मी म्हणालो, आणि स्क्रीनमागे दोन स्पाय वाढवले.