नाताळच्या आठवड्यातले सौदे

अमेरिकेतला बेसबॉलचा हंगाम वर्ल्ड सिरीजबरोबर संपतो आणि पुढचे काही महिने खेळ चालतो तो मालकांच्या दालनांत, वकिलांच्या टेबलांवर. या रिकाम्या काळातले चार मोठे निर्णय तर ऐन नाताळच्या आगेमागे झालेले आहेत.

पहिला २६ डिसेंबर १९१९चा. बोस्टन रेड सॉक्सचा मालक हॅरी फ्रेझी हा नाटकधंद्यातला माणूस. त्याने बेब रूथला न्यूयॉर्क यँकीजला एक लाख डॉलरला विकलं आणि वर फेनवे पार्क हे मैदान तारण ठेवून तीन लाखांचं कर्जही पदरात पाडून घेतलं. त्या साली २९ होमरन मारलेल्या रूथने पुढच्या साली ५४ मारले. बोस्टनला पुढचं विजेतेपद मिळायला २००४ साल उजाडलं. हे सगळं अनेकदा सांगून झालंय. मला खटकतं ते वेगळंच. या व्यवहारात रूथची संमती लागलीच नाही. करारातल्या राखीव कलमामुळे खेळाडू संघाला कायमचा बांधलेला असे. मालक ठेवील तिथे राहायचं, नाहीतर खेळ सोडायचा.

पन्नास वर्षांनी, २४ डिसेंबर १९६९ला, कर्ट फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं. सेंट लुईसकडून बारा हंगाम खेळलेल्या या खेळाडूला न विचारता फिलाडेल्फियाला धाडलं होतं. आपण खरेदी-विक्रीचा माल नाही, एवढंच त्याचं म्हणणं. ९० हजार डॉलर पगाराच्या माणसाने कसली तक्रार करायची, असं लोक म्हणाले. फ्लड कोर्टात गेला, १९७०चा हंगाम घरी बसला. जॅकी रॉबिन्सनने त्याच्या बाजूने साक्ष दिली, पण त्या वेळी खेळणारा एकही खेळाडू पुढे आला नाही. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ असा हरला.

कोर्टाने जे दिलं नाही, ते एका मालकाच्या चिक्कूपणाने दिलं. ओकलंडच्या चार्ली फिन्लीने पिचर कॅटफिश हंटरच्या विम्याचे ५० हजार डॉलर करारात ठरूनही भरले नाहीत. लवाद पीटर साइट्झ यांनी करारच मोडल्याचं ठरवलं आणि हंटर मोकळा झाला. मग नॉर्थ कॅरोलायनातल्या अहोस्की या छोट्या गावात, त्याच्या वकिलाच्या कचेरीत, एकामागून एक संघांची माणसं येऊन थडकली. वर्षाला एक लाख मिळवणाऱ्या हंटरने ३१ डिसेंबर १९७४ला यँकीजशी पाच वर्षांचा, तीस लाखांहून अधिक डॉलरचा करार केला. खेळाडूची बाजारातली खरी किंमत काय, हे सगळ्यांना तेव्हा कळलं.

वर्षभराने, २३ डिसेंबर १९७५ला, त्याच साइट्झनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन खेळाडूंच्या खटल्यात राखीव कलमाचा कायमचा फासच सोडवला. मालकांनी त्यांना लगेच कामावरून काढलं! निकाल मात्र टिकला.

पुढचे आकडे सर्वांना माहीत आहेत. २००० सालच्या डिसेंबरात अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जला टेक्सासकडून २५.२ कोटी डॉलर, २०२३च्या डिसेंबरात शोहेई ओहतानीला डॉजर्सकडून ७० कोटी. हंटर आणि खेळाडू संघटनेचे तेव्हाचे नेते मार्विन मिलर दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. १९९७ साली वारलेला फ्लड अजून बाहेरच आहे, आणि हा अन्याय आहे.