आधी कुणाचं पाणी?

मी लालबागची आहे असं सांगितलं की मुंबईच्या मैत्रिणींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो गणपतीचा असतो. माझं लालबाग बुऱ्हाणपूरचं. रावेर सोडलं की गाडी मध्य प्रदेशात शिरते आणि थोड्या वेळात बुऱ्हाणपूर स्टेशन येतं, ते आमच्या लालबागमध्येच. घरात मराठी, गल्लीत हिंदी, बाजारात दोन्हींची खिचडी.

हल्ली प्रत्येक शहराचं एक 'व्हिजन डॉक्युमेंट' असतं. महापौर, आमदार, अधिकारी, व्यापारी, एखाददुसरे प्राध्यापक एकत्र बसतात आणि पुढच्या वीस वर्षांत आपलं शहर कसं असावं हे लिहून काढतात. स्वच्छ, सुंदर, हिरवं, रोजगार देणारं. इथपर्यंत कुणाचंच भांडण नसतं. भांडण पुढच्या पानावर सुरू होतं, कारण तिथे 'आधी काय' हे लिहायचं असतं. माझ्या मते खरी योजना तिथूनच सुरू होते. आधीचं पान म्हणजे शुभेच्छापत्र.

हे पाण्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ, कारण आमच्याकडे ते चारशे वर्षं जुनं आहे.

लालबागजवळ कुंडी भंडारा आहे. काही जण त्याला खूनी भंडारा म्हणतात. आपण ज्यांचे दोहे हिंदीच्या पुस्तकात शिकलो ते अब्दुल रहीम खानखाना इथे मुघलांचे सुभेदार होते. त्यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकारानं ही व्यवस्था आखली. कल्पना साधी आहे. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे सरकतो. त्या वाटेत जमिनीखाली बोगदा खणायचा, त्याला अगदी हलका उतार द्यायचा, आणि वर ओळीनं विहिरींसारख्या कुंड्या काढायच्या, म्हणजे हवा खेळते, गाळ काढता येतो, पाणीही शेंदता येतं. ना पंप, ना वीज. पाणी आपल्या वजनानं शहराकडे चालत येतं. अशा एकूण आठ व्यवस्था होत्या, त्यातल्या सहा उरल्या.

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. याच व्यवस्थेतल्या 'सुखा भंडारा'चं पाणी मुळात पानमळ्यांसाठी आणि मुघलांच्या बागांसाठी होतं. लालबाग ही त्यातलीच एक बाग, नावातच आहे. १८८० च्या सुमारास हे पाणी मातीच्या नळांतून 'जाली करंज' या हौदाकडे वळवलं गेलं आणि तिथून शहराला मिळू लागलं. म्हणजे बोगदा तोच, पाणी तेच. बदलला तो क्रम. आधी बाग, मग माणसं असं होतं, ते आधी माणसं असं झालं. पानमळेवाल्यांना कुणी विचारलं असेल का?

क्रमाची ताकद महाराष्ट्रानंही पाहिली आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती असा क्रम लिहिला होता. २०११ मध्ये तो फिरवून शेती दुसऱ्या क्रमांकावर आणावी लागली. दोन शब्दांची अदलाबदल, पण धरणाचं पाणी कालव्यात सोडायचं की कारखान्याच्या पाइपात, हे त्यावरून ठरत होतं. पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात. चांगलंच आहे. पण कुणाला पदपथ हवा, कुणाला बाकडं, कुणाला दिवा, अशी यादी जमते. यादी म्हणजे क्रम नव्हे.

आमच्या जिल्ह्यानं एकदा क्रम ठरवला आणि तो पाळला. जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन सुरू झालं, तेव्हा ग्रामीण भागातल्या १,०१,९०५ घरांपैकी फक्त ३७,२४१ घरांत नळ होता. तीन वर्षांत, तेही कोरोनाच्या काळात, सगळ्या घरांत नळ आला. ६४० शाळा आणि ५४७ अंगणवाड्यांतही. पण आकड्यापेक्षा प्रमाणपत्राची रीत बघा. काम पूर्ण झाल्याचा इंजिनिअरचा दाखला पुरत नाही. तो ग्रामसभेत वाचून दाखवायचा, आणि प्रत्येक घरी नियमित व चांगलं पाणी येतं, कुणी सुटलेलं नाही, असा ठराव गावानं करायचा. २५४ गावांनी तो केला. प्रत्येक गावात पाणी समिती नेमली, पाणी तपासायला गावातल्या बायकांना शिकवलं. जो पाणी पितो त्यानं 'आलं' म्हणायचं, तेव्हाच ते आलं!

आता गंमत अशी की या हिशेबात माझं लालबाग नाही, कारण आम्ही शहरात मोडतो. शहराला ग्रामसभा नसते. ७४ व्या घटनादुरुस्तीनं वॉर्ड समित्या सांगितल्या, पण सक्ती तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांना. बुऱ्हाणपूर २०११ च्या जनगणनेत दोन लाख दहा हजारांच्या घरात होतं. म्हणजे खेड्यातल्या माणसाला हात वर करायला हक्काची जागा आहे, आम्हाला नगरसेवकाचं दार आहे.

तरी एक टेबल असं आहे जिथे गाव आणि शहर दोघांनी बसायचं आहे. त्याच घटनादुरुस्तीनं प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान चार पंचमांश सदस्य पंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून, त्यांनीच निवडलेले असतात. तिनं कशाचा विचार करायचा याच्या यादीत 'पाण्याची वाटणी' स्पष्ट लिहिलेली आहे. आम्हाला ही समिती फार जवळची आहे, कारण कुंडीत उतरणारं पाणी महापालिकेच्या हद्दीत पडत नाही. ते वरच्या डोंगरात आणि शिवारात मुरतं. तिथे केळी आहे. केळीला पाणी लागतं, म्हणून बोअर घेतात, आणि शेतकऱ्यानं का घेऊ नये? पण बोअर जितके खोल, तितकं बोगद्याकडे सरकणारं पाणी कमी. शहरानं एकट्यानं कितीही सुंदर स्वप्न लिहिलं तरी त्याचा उगम दुसऱ्याच्या बांधावर आहे.

मार्च २०२४ मध्ये कुंडी भंडारा युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत गेला. आनंद झालाच. पण आता शहराच्या बैठकांत त्याचं नाव पर्यटनाच्या खात्यात पडेल अशी मला धास्ती आहे. पार्किंग, रोषणाई, सेल्फी पॉइंट. माझ्या हातात त्या समितीची विषयपत्रिका असती तर पहिला विषय लिहिला असता: वरच्या गावांत पाणी मुरवायच्या जागा कोणत्या आणि त्या राखणाऱ्या शेतकऱ्याला शहर काय देणार. दुसरा: बोगद्यात साचलेला चुना आणि गाळ दरवर्षी कोण काढणार. तिसरा: केळीला ठिबक. रोषणाई सातव्या क्रमांकावर, वेळ उरला तर.